मंगळाचं साल

आमच्या घरात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन अंदाज बांधले जायचे. एक सासूबाईंचा, एक ह्यांचा.

सासूबाईंचा अंदाज पावसाचा. पितरांसाठी मातीची घागर भरून ठेवायची, तिच्याखाली शेतातली चार ढेकळं मांडायची आणि प्रत्येक ढेकळाला पावसाच्या एकेका महिन्याचं नाव द्यायचं. नवी घागर पाझरते. दुपारपर्यंत ज्या महिन्याचं ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त. ह्यांचं लहानपण ती ढेकळं बघण्यात गेलं. पुढे ते अमळनेरला शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तरी ढेकळं उचलून बघायला पहिले तेच पुढे व्हायचे. आमच्या लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या आखाजीला त्यांनी त्यात आपली भर घातली. ढेकळं भिजेपर्यंत घरातल्या प्रत्येकाने एक साल सांगायचं. माणूस दुसऱ्या ग्रहावर पहिलं पाऊल कधी ठेवेल, त्याचं साल. ते एका लांब वहीत नाव आणि साल लिहून ठेवायचे.

नियम एकच होता. जे साल आपण स्वतः पाहू असं वाटतं, तेच सांगायचं. आपण मेल्यावरचं साल कोणीही सांगेल, चुकलं तर त्याला पकडणार कोण, असं त्यांचं म्हणणं.

सासूबाईंना हा सगळा प्रकारच पटत नसे. पहिल्याच वर्षी त्यांनी हरकत घेतली की नवग्रहांत चंद्र आहे, चंद्रावर माणूस जाऊन आला, मग आता राहिलं काय? चंद्र हा ग्रह नाही, पृथ्वीचा उपग्रह आहे, हे ह्यांनी त्यांना लिंबू आणि डांगर, म्हणजे लाल भोपळा, घेऊन समजावलं. त्यांनी ते दोन्ही परत परडीत ठेवलं आणि विचारलं, मग पूजेत त्याला का बसवता? ह्यांनी चंद्र सोडून दिला. मग मंगळ निघाला. आमच्या गावाबाहेर मंगळाचं देऊळ आहे. मंगळवारी लांबलांबून लोक येतात, त्या दिवशी स्टँडवर रिक्षा मिळत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मंगळ आठेच शे ना. तठे कसाले जातस?" मंगळ इथेच असताना तिकडे कशाला जायचं, हे त्यांना कळेना.

तरी त्या साल सांगायच्या. दरवर्षी एकच, पुढचं. वय झालेल्या बाईला नियमाप्रमाणे त्याहून लांबचं सांगणं धीटपणाचं वाटत असावं. दरवर्षी त्या चुकायच्या आणि दरवर्षी पुन्हा पुढचं साल सांगायला हजर असायच्या. हे म्हणायचे, आई एकदा तरी बरोबर येणार, आपल्यापैकी कोणी येईलच असं नाही.

ह्यांची स्वतःची रीत वेगळी होती. पृथ्वी आणि मंगळ साधारण सव्वीस महिन्यांनी एकमेकांना सोयीचे येतात, तेव्हाच यान पाठवायचं, म्हणून मधली सालं बाद. उरलेल्यांतून ते एक निवडायचे. सुरुवातीला त्यांनी दोन हजार चोवीस सांगितलं होतं. मग एकोणतीस. मग तेहेतीस. दर थोड्या वर्षांनी साल पुढे सरकायचं आणि सरकताना ते कारण द्यायचे. उतरणं जमेल, पण परत निघणं जमत नाही, किंवा वाटेतल्या घातक किरणांवर उपाय नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. ह्या विषयावर येईल ते मी घरी आणून द्यायची, आणि देण्याआधी स्वतः वाचायची. वाचून मला एवढंच कळलं की सगळेच जण साधारण पंधरा-वीस वर्षांनंतरचं साल सांगतात, आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीही तसंच सांगत होते. मी ह्यांच्या सालात दोन मिळवून माझं साल सांगायची. त्यांना ते आवडायचं नाही. स्वतःचा विचार कर म्हणायचे. मी केला नाही.

गेल्या आखाजीला त्यांनी दोन हजार नव्वद सांगितलं.

आम्ही हसलो. नाशिकला नोकरी करणारी आमची मुलगी सुट्टीवर आली होती. ती म्हणाली, बाबा, तुम्ही तेव्हा एकशे वीस वर्षांचे असाल, नियम मोडलात. त्यांनी ऐकून घेतलं आणि वहीत आपल्या नावापुढे नव्वद लिहिलं. मी दोन मिळवून ब्याण्णव सांगितलं, त्यावर पुन्हा हशा झाला. मग जेवायला बसलो. आमच्याकडे आखाजीला पितरांना दाखवल्याशिवाय कोणी आंबा खात नाही, त्यामुळे तो वर्षातला पहिला रस. त्यांनी तीन वाट्या घेतल्या.

शाळा उघडल्यावर त्यांनी मला स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं सांगितलं. म्हणाले, परवाच कळलं. दिवाळीच्या आधी ते गेले.

पुढे थंडीत कधीतरी मी त्यांची शाळेची पिशवी रिकामी केली. त्यात धुळ्याच्या एका सोनोग्राफीवाल्याची वेळेची चिठ्ठी निघाली. तारीख आखाजीच्या आठ दिवस आधीची होती. रिपोर्ट नव्हता. त्या दिवशी ते धुळ्याला गेले होते हे मला आठवत होतं, पेपर तपासणीचं काही काम म्हणाले होते. चिठ्ठी हातात आल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट आहे. आखाजीला त्यांना माहीत होतं का? माहीत असेल तर नव्वद हे आम्हाला सांगणं होतं, आणि आम्ही हसलो. माहीत नसेल तर नव्वद हा नुसता अंदाज होता. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एका वर्षी वाटलं असेल की हे काही लवकर होत नाही. पण मग नियम का मोडला? तो तर त्यांनीच केलेला. इथे आले की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

ह्यांचे एक मित्र धुळ्याला असतात, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. गणिताचे शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. दरवर्षी फोनवर आपलं साल कळवायचे आणि मग दोघांचा अर्धा तास वाद चालायचा. ह्यांनी कोणाला काही सांगितलं असेल तर त्यांनाच, असं मला वाटत राहिलं. फोनवर विचारायला धीर झाला नाही. आणि मग ह्या वर्षीची आखाजी आली. ह्यांच्या नावाची पहिली घागर.

आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने कोणाला तरी जेवायला बसवतात. त्याला पितर म्हणतात. पुरुष गेला असेल तर पुरुष, बाई गेली असेल तर बाई. टिळा लावायचा, पाटावर बसवायचं, पोटभर वाढायचं. ताटावरून उठेपर्यंत तो माणूस तो नसतो, गेलेलाच असतो. मी सासूबाईंना म्हटलं, धुळ्याच्या भाऊंना बोलावू. त्यांच्या मनात भाऊबंदांतला कोणी होता, पण ऐकलं त्यांनी. मी हे का सुचवलं ते त्यांना सांगितलं नाही. माझा विचार असा की ते सकाळी येतील, जेवणाआधी तासभर मिळेल, तेव्हा बाजूला घेऊन विचारीन.

त्यांची बस वाटेत बंद पडली. घागर भरून झाली होती, विस्तवावर आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकून झाली होती, पाचोऱ्याहून आलेले धाकटे दीर दारात उभे होते. सव्वा वाजता भाऊ आले, घामाने भिजलेले. पितराला ताटकळत ठेवत नाहीत. पाय धुवायला पाणी दिलं आणि दिरांनी त्यांना थेट पाटावर बसवलं.

सासूबाई समोर येऊन बसल्या. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या रागावल्या. इतका वाळला कसा, तिकडे जेवायला देत नाहीत का, शर्ट तरी इस्त्रीचा घालायचा, सगळं ऐकवलं. ते भले गृहस्थ खाली मान घालून "हो माय" म्हणत होते. ते चांगले जाडजूड आहेत. दीर तोंड फिरवून हसत होते. पुरणपोळीवर पुरणपोळी येत होती. "खाय ना रे, आखो एक ले," असं चाललं होतं.

मी रस वाढायला वाकले आणि तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "भाऊ, गेल्या आखाजीला ह्यांना आजाराचं कळलं होतं का?"

त्यांचा हात ताटात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सासूबाईंकडे पाहिलं.

"कळलं होतं मला," ते म्हणाले. "म्हणून तर नव्वद सांगितलं. आपल्याला आता पाहायचंच नाही म्हटल्यावर खरा अंदाज सांगायला काय हरकत."

मग सासूबाई म्हणाल्या, "मंग माले का नही सांगं?"

"तुझी आखाजी गेली असती, माय."

मग सासूबाईंनी भाऊंच्या ताटातल्या पोळीवर तूप घातलं आणि जेव म्हणाल्या.

संध्याकाळी मी भाऊंना स्टँडपर्यंत सोडायला गेले. धुळ्याची बस लागायची होती. मी म्हटलं, तुम्हाला त्यांनी कधी सांगितलं होतं?

"वहिनी, मला त्यांनी काही सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "तुमच्यानंतरच कळलं मला."

मग दुपारी तसं का बोललात, असं मी विचारलं. ते म्हणाले, आई समोर होत्या, मी ताटावर होतो, पितर होऊन बसल्यावर मला माहीत नाही असं कसं म्हणू. मी नव्वदचं विचारलं. त्यावर त्यांनी सांगितलं की आखाजीच्या महिनाभर आधी फोनवर त्यांचं मोठं भांडण झालं होतं. तू दरवेळी स्वतःच्या आयुष्यात बसेल असं साल शोधतोस आणि मग त्याला गणित चिकटवतोस, असं भाऊ त्यांना बोलले होते. नव्वद हे त्याचंच उत्तर असेल, मित्रावरच्या रागातून आलेलं.

हे सगळं पटण्यासारखं होतं. पण सांगताना ते फलाटाच्या पाटीकडे बघत होते, आणि पाटीवर बघण्यासारखं काही नव्हतं. बस लागली. चढताना ते पुन्हा खाली उतरले आणि म्हणाले, "एक सांगतो, मी ते दुपारचं ठरवून बोललो नाही. तोंडात कसं आलं मला कळलं नाही." मागच्या माणसाने ढकललं, ते आत गेले.

म्हणजे एकाच माणसाची दोन उत्तरं माझ्याकडे आहेत, आणि दोन्ही चांगल्या मनाने दिलेली. सासूबाईंचा प्रश्न मिटला आहे. शेजारणींना त्या सांगतात, माझ्या पोराला सगळं माहीत होतं, त्याने मला सांगितलं. त्या बऱ्या जेवायला लागल्या आहेत. मी त्यांना स्टँडवरचं बोलणं सांगितलेलं नाही.

ह्यांना माहीत होतं असं मी दोन दिवस धरून चालते, तेव्हा मला त्यांचा राग येतो. तीन वाट्या रस त्यांनी कोणासाठी खाल्ला? वहीला सांगितलं आणि मला नाही. माहीत नव्हतं असं धरलं की ती दुपार आम्हा दोघांची राहते, खरोखर हसण्याची. मला ती हवी आहे. पण हवी आहे म्हणून धरायची, तर भाऊ त्यांना फोनवर जे बोलले तेच कोणी मलाही बोलेल.

मुलगी म्हणते, आई, सोपं आहे, चिठ्ठीवर नंबर आहे, धुळ्याला जाऊन विचार, रिपोर्ट त्याच दिवशी दिला होता का ते त्यांच्याकडे लिहिलेलं असेल. तिचं बरोबर आहे. आतापर्यंत मी दोनदा चिठ्ठी घेऊन स्टँडवर गेले. दुसऱ्या वेळी धुळ्याच्या बसमध्ये खिडकीशी जागाही मिळाली होती. कंडक्टर मागून तिकिटं देत यायला लागला तेव्हा मी उतरले. गिलकी घेतली, कोथिंबीर घेतली आणि घरी आले.