बारा मिनिटं

फ्राऊ केलर न कळवता दारात उभ्या राहिल्या, तेव्हाच काहीतरी विपरीत घडलंय हे मी ओळखलं. बॉनमध्ये इतकी वर्षं काढली, पण चिठ्ठी पाठवून दिवस-वेळ ठरवल्याशिवाय ही बाई कधी आमचा जिना चढली नव्हती. डोक्याला ओला रुमाल, हातात काही नाही. "आल्झो...", म्हणजे 'तर मग', एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत राहणारे आमचे शमुवेलभाऊ सकाळी खुर्चीतच गेले होते. बूट पायात होते म्हणे, नाडी बांधायची राहिली होती. मी त्यांना बसा म्हटलं, कॉफी केली, लेकीला शाळेतून आणलं, भांडी घासली. रडू संध्याकाळी आलं, तेही दमल्यामुळे आल्यासारखं. त्याला सहा आठवडे झाले. दमणूक अजून गेलेली नाही.

शमुवेलभाऊ नगरचे. तिथल्या मिशनच्या वर्कशॉपमध्ये मोटारीचं काम शिकले आणि पन्नासच्या दशकात एका जर्मन पाळकसाहेबांच्या मिशनरी तुकडीबरोबर ड्रायव्हर-मेकॅनिक म्हणून आफ्रिकेत, टांगानिकात गेले. तिथून मलेरिया घेऊन तुकडीबरोबरच जर्मनीत आले, ते इथलेच झाले. माझे यजमान इथे डॉक्टरेट करायला आले आणि मी वर्षभराने बोटीने मागून आले. तेव्हा या गावात मराठी बोलणारी माणसं आम्ही दोघं आणि हे तिसरे. पहिल्याच रविवारी त्यांना जेवायला बोलावलं. मी ताट वाढलं, तर भाऊंनी मनगटावरचं घड्याळ सोडून ताटाजवळ ठेवलं, त्याच्याकडे पाहिलं, "धन्यवाद, आमेन" म्हणाले आणि जेवायला लागले. मला हसू आवरेना. म्हटलं, "अहो भाऊ, देवाशी एवढंच बोलणं? आमच्याकडे चित्राहुती घालायला याहून जास्त वेळ लागतो." ते म्हणाले, "वहिनी, वरण गार होतं." पुढची कितीतरी वर्षं, दर रविवारी, तेच घड्याळ आणि तेच दोन शब्द. मी चिडवायचे, ते वरण पुढे ओढायचे.

आफ्रिकेतल्या प्रवासाबद्दल माझ्या यजमानांनी खोदून खोदून विचारलं की भाऊ बोलत, पण आमची अपेक्षा सिंह-हत्तींची आणि भाऊंचं सगळं टायरचं. दोन लॉऱ्या, पाच माणसं, किनाऱ्यापासून आत आत चार महिने. दिवसाला तीनदा पंक्चर. लाल धूळ इतकी की भाकरी चावली तरी कचकच. रेडिएटरला पाणी द्यायचं की माणसांनी प्यायचं, यावर रोज वाद. बरोबरची जर्मन नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणत, त्या उन्हातही बटाटे उकडायची आणि मीठ घालायला विसरायची. गाव आलं की उतरायचं, औषधं वाटायची, गाणी म्हणायची, पाळकसाहेबांचं प्रवचन व्हायचं आणि पुन्हा लॉरीत. "थकवा कसला म्हणता," भाऊ सांगायचे, "चाक हातातून सुटलं तरी हात हलतच राहायचे." तुकडीचा एक नियम मात्र पक्का होता. पाचही जणांनी आळीपाळीने प्रार्थना केल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. हे सांगताना ते हमखास उठायचे आणि खिडकीपाशी जायचे. मी आपली समजायचे, सिगारेटची तलफ आली असेल.

मग माझी आई गेली. पुण्याहून तार आली तोवर दहनसुद्धा होऊन गेलं होतं. जायला पैसे नव्हते आणि जाऊन करणार काय होते... भाऊ संध्याकाळी आले, टोपी हातात धरून बसले. मला काय वाटलं कोण जाणे. या परक्या गावात आईसाठी कुणीतरी मराठीतून चार शब्द मोठ्याने बोलावेत, देव कुणाचा का असेना, असं फार वाटलं. म्हटलं, "भाऊ, तुमच्यात म्हणतात तशी प्रार्थना म्हणा ना आईसाठी. आपल्या भाषेत. नीट, सावकाश." त्यांनी घड्याळ सोडून हातात घेतलं. ओठ हलले. मग "आमेन" म्हणून उठले आणि जिना उतरून गेले. मी इतकी संतापले की यांना म्हटलं, "मोटारींशी बोलून बोलून हा माणूस मोटारच झालाय! पुन्हा माझ्या घरी जेवायला येऊ देऊ नका त्याला." दसरा गेला, दिवाळी गेली, त्यांचा नाताळही गेला. मी बोलावलं नाही. ते आले नाहीत.

जानेवारीत यांनी सांगितलं की भाऊंचा ताप उतरत नाही. राग होताच, तरी खिचडी केली, डबा टॉवेलात गुंडाळला आणि गेले. खोलीत कोळशाची शेगडी धुमसत होती, भाऊ खुर्चीत, अंगावर दोन कोट. डबा उघडायच्या आधीच म्हणाले, "वहिनी, तुमच्या आईसाठी मी म्हणणार होतो. पहिली ओळ तोंडात आली आणि ती बाई दिसली." कोण बाई, मी विचारलं. मग त्यांनी सांगितलं ते असं.

टांगानिकातल्या एका गावातून निघायची वेळ. गावातल्या चौघांनी घोंगडीत घालून एका बाळंतिणीला आणलं, दोन दिवस अडलेली. सिस्टरने पाहिलं आणि म्हणाली, दवाखाना तासाभरावर आहे, लगेच निघा. बाईला लॉरीत मागे ठेवलं. पण नियम तो नियम, प्रार्थना झाल्याशिवाय इंजिन नाही. तुकडीतल्या बाकीच्या चौघांनी प्रसंग ओळखून एकेक वाक्य म्हटलं. शेवटी भाऊंची पाळी. एरवी ते पाठ केलेल्या जर्मनमध्ये म्हणायचे. त्या दिवशी पाळकसाहेबांचं मन भरून आलं असावं, ते म्हणाले, "आज तू तुझ्या भाषेत कर."

"वहिनी, चार महिन्यांत मी मराठी मोठ्याने बोललो नव्हतो. स्वतःचा आवाज ऐकला आणि सुटलोच. डोळे मिटले. नगरचं आमचं देऊळ, चर्च हो, ते दिसलं, आमची म्हातारी दिसली. प्रार्थना संपली तर गीत धरलं. पाच कडवी. एक सोडलं नाही. प्रार्थना करणाऱ्याला अडवतंय कोण? डोळे उघडले तेव्हा सिस्टर बॉनेटवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती. बारा मिनिटं झाली होती. नंतर चावी लावली." दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसायला लागलं तेव्हा ती बाई गेली. पोटातलं पोरही. "पाळकसाहेब म्हणाले, देवाची इच्छा. सगळे 'हो, हो' म्हणाले. कुणी मला एक शिवी तरी हासडायची होती हो..."

आणि मी काय बोलले? "खिचडी गार होतेय, खाऊन घ्या." खरंच एवढंच बोलले. घरी येताना ट्राममध्ये सुचलं की म्हणायला हवं होतं, भाऊ, ते गीत एकदा पुरतं म्हणा, मी ऐकते, इथे कुणी अडलेलं नाही. ठरवलं, पुढच्या रविवारी बोलवायचं आणि म्हणायला लावायचं. पुढच्या रविवारी लेकीला खोकला झाला. त्यापुढच्या रविवारी बर्फ होतं आणि माझ्या अंगात जिना उतरायचं त्राण नव्हतं. अशी कारणं मला भरपूर सापडतात. मग फ्राऊ केलर दारात आल्या.

दफनाच्या आधी त्यांनी भाऊंचं गीतपुस्तक माझ्या हातात दिलं. हे वाचणारं तुमच्याशिवाय कुणी नाही, म्हणाल्या. एका पानाशी पंक्चरच्या रबराची पट्टी होती. पाच कडवी. कबरीपाशी पाळकांनी विचारलं, मृताच्या भाषेत कुणाला काही म्हणायचं आहे का? मी पुढे झाले. चाल येत नव्हती, म्हणून नुसतं वाचलं. ओला बर्फ पडत होता, अक्षरं भिजत होती. दुसऱ्या कडव्याला कुणीतरी खोकलं, तिसऱ्याला यांनी हळूच माझी बाही ओढली. मी थांबले नाही. आज कुणालाही कुठे पोहोचायचं नव्हतं. पाचवं संपेपर्यंत सगळे उभे राहिले आणि मग मी मोठ्याने म्हटलं, "भाऊ, झालं पूर्ण."

घड्याळ फ्राऊ केलरनी मलाच दिलं. चालू आहे, मी रोज सकाळी चावी देते. रविवारी वरण वाढलं की ते मी त्यांच्या जागेजवळ ठेवते. पालथं.