सावलीचा दोर

आमच्या नाटक कंपनीत पडदा ओढायला एक माणूस होता. मी दर प्रयोगाला राजा होऊन मरायचो आणि टाळ्या कधी ओसरणार हे त्याला माझ्याआधी कळायचं. डोळे मिटून, दोर तळहातात धरून तो उभा असे. पडदा कधी लवकर पडला नाही, कधी उशिरा नाही. कंपनी बुडाली तसा तो आपल्या बेटावर परतला आणि मासेमारी करू लागला. म्हातारपणी मीही तिथेच जाऊन राहिलो. मला ‘राजे’ म्हणणारा तेवढा एकच उरला होता.

बेटावर त्याला सगळे गाठमामा म्हणत. त्याचं काम सावली सांभाळायचं. किनाऱ्यापासून दोन तासांवर, खोल पाण्यात, गावाने मिळून एक तराफा सोडला होता. वर बांबू आणि तरंगे, खाली लोंबत्या झावळ्या, आणि समुद्राच्या तळाशी सिमेंटच्या ठोकळ्यांपर्यंत गेलेला एकच लांब दोर. तराफ्याखाली छोटे मासे आसऱ्याला येतात, त्यांच्या मागे मोठे. म्हणून त्याचं नाव सावली. ती बावीस होड्यांची सामाईक. तिथे जाळं टाकायचं नाही, गळच. आणि होडी सावलीला बांधायची नाही. एका जावयाने आळसापायी बांधली, तर त्याला सासऱ्यासकट महिनाभर काठावर बसवलं होतं.

दर पंधरा दिवसांनी गाठमामा जायचा, दोराचा वरचा भाग होडीत ओढून घ्यायचा आणि डोळे मिटून तळहातातून सरकवायचा. दोरावर शेवाळ असतं, झिजलेला पीळ डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतो. परत आला की मासे ठेवायच्या बर्फाच्या खोलीबाहेरच्या पाटीवर खडूने लिहायचा, ‘ठीक’. तीस वर्षं तेवढा एक शब्द वाचून होड्या निघत.

मग त्याची बायको, आमची मामी, गेली. मी भेटायला गेलो तेव्हा तो स्टुलावर बसला होता. लेकीने दोघांना चहा दिला. स्टीलचा पेला इतका तापलेला की मी तो रुमालात धरला. मामा उघड्या हाताने धरून बसला होता. मी म्हटलं, “अरे, भाजेल.” तो म्हणाला, “हो का?” आणि तसाच धरून राहिला. रडला नाही. लोक म्हणाले, घट्ट मनाचा माणूस. मीही तेच म्हणालो.

नवव्या दिवशी तो दोर बघायला गेला. पाटीवर लिहिलं, ‘ठीक’.

त्यानंतर अकरा दिवसांनी सकाळी पहिली होडी रिकामी परत आली. होडीवाला ओरडला, “सावली नाही!”

“ऊन नाही तर सावली कुठली?” काठावरून कुणीतरी म्हणालं. दुपारी मात्र कुणी हसत नव्हतं.

महिनाभर होड्या मोकळ्या समुद्रात भटकल्या. मग बैठक भरली. सावलीच्या समितीची प्रमुख बर्फवाली अक्का.

“मोठं जहाज गेलं असणार,” होडीवाला म्हणाला. “त्याच्या पंख्यात दोर अडकला की संपलं.”

“जहाजच,” अक्का म्हणाली. “आता एकच दोर शिल्लक आहे. हाही गेला तर बसा हात चोळत. मंगळवारी नवी सावली सोडू. मामा, दोर तुमच्याच हातात.”

मामा आपल्या तळहाताकडे बघत राहिला. त्याच्याकडे आता तेवढंच काम उरलं होतं, हे मला माहीत होतं. अडलेल्या नटाला विंगेतून वाक्य द्यावं तसं मी हळूच म्हटलं, “हो म्हण.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “राजे, हे वाक्य माझं आहे.” मग मासळीचा भाव सांगावा तसं सांगितलं, “जहाज नव्हतं. वरचा दोर सगळा हातातून गेला आणि मला काही लागलं नाही. म्हणून ठीक लिहिलं. आजही लागत नाही.”

“वयाचं असेल, मामा.”

“ही गेली तेव्हापासून.”

अक्का आत गेली, बर्फाचा खडा आणून तिने त्याच्या तळहातावर ठेवला. आम्ही थांबलो. पाणी मनगटावरून लेंग्यावर टपकू लागलं.

“लागतंय?”

“ओलं झालेलं दिसतंय.”

अक्काने खडा उचलला. तीस वर्षांचं काम तिथे संपलं आणि मामा हात पुसत बसला.

मागून त्याची लेक उठली. ती गावात कपडे शिवते. “दोर मी बघेन. शिवणीतला सुटला धागा मला अंधारातही सापडतो.”

“ताई, तुला तर धक्क्यावरच मळमळतं,” होडीवाला म्हणाला. “होडीत उलटी करशील.”

“करीन. उलटी तोंडाने करतात, दोर हाताने बघतात.”

नवी सावली सुटली. पंधरा दिवसांनी बापलेक पहिल्यांदा दोर बघायला गेले, मला बरोबर घेतलं. कबूल केल्याप्रमाणे तिने दोनदा उलटी केली, चूळ भरली, डोळे मिटले. दोर सरकत होता. एका जागी थांबली.

“बाबा, इथे उसवलंय.”

मामाने तिथे तळहात फिरवला. पुन्हा फिरवला.

“लागलं?”

“नाही.”

“मग माझं ऐका.”

त्याने ऐकलं. तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं एकमेकांत विणली. बोटांना काही कळत नव्हतं, पण विणणं चुकलं नाही.

परतल्यावर त्याने खडू तिच्या हातात दिला. तिने ‘ठीक’ लिहिलं. अक्काने चहा आणला. मी पेला रुमालात धरला. लेकीने बापाच्या हातातला काढून घेतला, त्यात तांब्यातलं थोडं गार पाणी ओतलं आणि परत दिला. पाटीकडे बघत त्याने तो चहा पिऊन टाकला.