गल्ली वेळेवर आली होती

रंगीत तालमीची ती तारीख मी ठोकून दिली होती, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर सुमनताईंबद्दल मी पुढे जे चांगलं लिहीन, ते निदान मला तरी खोटं वाटेल. मी अंबरनाथच्या बाजूच्याच एका छोट्या नगरपालिकेत लिपिक आहे, आपत्ती व्यवस्थापनाचं टेबल माझ्याकडे. पावसाळ्याआधी वर प्रगती अहवाल जातो. त्यात पूर आल्यास लोकांना हलवण्याची ‘नागरिकांसह रंगीत तालीम’ असा एक रकाना असतो आणि तो रिकामा राहिला की कागद परत येतो. म्हणून मी एक बुधवार लिहिला, सकाळी अकराची वेळ टाकली, ठिकाण म्हणून पालिकेची शाळा दाखवली आणि एक प्रत नदीकाठच्या गल्लीतल्या बुद्धविहाराच्या फलकावर लावायला पाठवली. असले कागद कोणी वाचत नाही, अशी माझी इतक्या वर्षांची खात्री. त्याच गल्लीत राहणाऱ्या सुमनताईंनी तो वाचला.

तीन आठवड्यांपूर्वी ताई गेल्या. माहेर उल्हासनगरच्या कॅम्प चारमधलं, त्यामुळे रागावल्या की थेट हिंदीत सुरू व्हायच्या. अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला उभं आयुष्य गेलं. तिथे सरावाचा भोंगा वाजला की हातातलं खोकं जिथल्या तिथे ठेवून गेटपाशी रांगेत उभं राहायचं, हे अंगात मुरलेलं. तालीम म्हणजे तालीम. त्या बुधवारी त्यांनी अख्खी गल्ली बाहेर काढली. कोणी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, कोणी कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणली होती. अंथरुणाला खिळलेल्या बाबूआजोबांना चार जणांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं होतं आणि आजोबा वरून ओरडत होते, “अरे हळू, मी काय मत द्यायला चाललोय का एवढ्या घाईनं?”

शाळेला उन्हाळी सुट्टी होती, फाटकाला कुलूप होतं. अर्धा तास थांबून ताईंनी सगळी रांग आमच्या कार्यालयात आणली. मी चहा पीत होतो.

“जय भीम, साहेब,” त्या म्हणाल्या. “पूर आलाय. आम्ही बुडालो की वाचलो, तेवढं लिहून घ्या.”

सगळे हसले. मीही हसलो असतो तर बरं झालं असतं... पण मागच्या दारातून मुख्याधिकारी बाहेर आले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “तालीम पुढे ढकललीय, सर. या ताईंना कळवलं होतं. यांचाच काहीतरी घोळ झालाय.”

 ताई वळून लोकांना म्हणाल्या, “चला. खुर्ची उचला.”

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलासमोर हजर. भांडायला नव्हे, हातात यादी होती. शाळेच्या फाटकाच्या चाव्या गल्लीतल्या तीन घरांत हव्यात, विहारावर भोंगा हवा, कोणाला चालता येत नाही, कोण गरोदर आहे, याची नोंद पालिकेत हवी. मी मान खाली घालून एकेक काम करत गेलो. पुढच्या वर्षांत दोर आले, टायरच्या ट्यूब आल्या, विहाराच्या मागे पोरांसाठी अभ्यासिका झाली, आठवड्यातून एकदा नर्स येऊन बसू लागली. एकदा धीर करून मी विचारलं, “ताई, त्या दिवशी तुम्ही साहेबांना खरं का नाही सांगितलं?”

“तुमची बदली झाली असती. नवीन माणूस आला असता, त्याला पहिल्यापासून शिकवायचं कोणी? तुम्ही आता दबून आहात, कामं पटापट होतात.” आणि मनमुराद हसल्या. आमच्या प्रभागाच्या प्रगतीचं श्रेय अहवालात कोणाकोणाला दिलंय, मी स्वतःच टाइप केलंय... खरं कारण ताईंची यादी आणि माझं हे दबून असणं होतं.

पण माझ्या खोट्याची झळ त्यांना बसत होती, हे मला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कळलं. दुपारी पाणी चढायला लागलं. मी चावी घेऊन शाळेच्या फाटकात उभा होतो आणि गल्ली येत नव्हती. मागाहून कळलं, ताई दारोदार फिरत होत्या, पण लोक चिडवत होते, “ताई, तारीख नीट वाचली ना? का परत कुलूप बघायला जायचं?” कोपऱ्यावरची शांताबाई तर हलायलाच तयार नव्हती. ताई तिच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या. “ठीक आहे. मी पण इथंच बसते. पाणी आलं की दोघी मिळून पोहू. तुला येतं का पोहायला? मला नाय येत.” शांताबाई हसत, शिव्या घालत उठली, तिच्या मागोमाग बाकीचे उठले. शेवटचं घर शाळेत पोचलं तेव्हा गल्लीत कमरेइतकं पाणी होतं. कोणाला ओरखडाही आला नाही. बाबूआजोबांनी वर्गात शिरताच चहा मागितला. मी मात्र फाटकात उभा राहून घड्याळ बघत होतो. तासभर उशीर झाला होता, आणि तो माझ्यामुळे.

त्या संध्याकाळी मी ताईंची माफी मागायला गेलो. त्यांनी मला वाक्यही पुरं करू दिलं नाही. “भाऊ, मला कशाला सांगता? मला ठाऊकच आहे. माझा शब्द गल्लीत पडला. बोलायचं तर गल्लीत बोला.”

मी “हो” म्हणालो. त्यानंतर दोन पावसाळे गेले. दर वेळी भेटल्यावर त्या विचारायच्या, “काय भाऊ, कधीची तारीख टाकलीय?” आणि मी हसून दुसरा विषय काढायचो...

ताईंच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदन होतं, त्या दिवशी विहार भरला होता. ताईंबद्दल बोलताना पुन्हा तोच किस्सा निघाला, त्यांनी चुकीच्या तारखेला अख्खी गल्ली कशी वरातीसारखी फिरवली तो. सगळे प्रेमानं हसले. त्यांची सूनही हसली. मग कोणीतरी मला म्हणालं, पालिकेतर्फे दोन शब्द बोला.

मी उठलो.  समोर शांताबाई होती, खुर्चीत बाबूआजोबा होते. मी म्हणालो, “ताईंचा घोळ झाला नव्हता. तारीख तीच होती, वेळ तीच होती, गल्ली वेळेवर आली होती. मी कागद भरण्यापुरतं लिहिलं होतं, आणि साहेबांसमोर अंगाशी येईल म्हणून ताईंवर ढकललं. त्यानंतर तुम्ही त्यांचं ऐकायला उशीर केलात, तो माझ्यामुळे. ताई बरोबर होत्या. मी खोटं बोललो होतो. मला माफ करा.”