शेजाऱ्याच्या हाती

मी काकूंचा हात सोडला नाही आणि अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्या हॉलमधली नाचाची अख्खी रांग अडकली. फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजतच राहिलं. माणसं माझ्याकडे बघत उभी.

मी केअरगिव्हर. म्हाताऱ्या माणसांना उठवणं, आंघोळ, औषधं हे माझं काम. शाळा आठवीत सुटली, तरी काकूंच्या मुलीनं, नीताताईंनी, विश्वासानं आई माझ्यावर सोपवली. ते उपकार विसरत नाही. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी नाचायला हो म्हटलं, पण ताईंनी बजावलं होतं, "आई पडली तर मी तुला ठेवू शकणार नाही."

काका असताना दोघं दर महिन्याला कॉन्ट्रा डान्सला यायची. आता जोडीदार नाही, म्हणून मी.

हा नाच असा. दोन लांब रांगा, जोडीदार समोरासमोर. दोन जोड्यांची एक चौकडी. माइकवरची बाई, म्हणजे कॉलर, चाली सांगते: हात धरून गोल, शेजाऱ्याबरोबर गिरकी, परत जोडीदाराकडे. चाली संपल्या की प्रत्येक जोडी एक घर सरकते. नवे शेजारी, त्याच चाली. टोकाला पोचलं की एक फेरी थांबायचं आणि उलट दिशेनं परत यायचं.

काकूंनी ओट्यावर मसाल्याच्या डब्या सरकवून मला सगळं शिकवलं होतं. चाली पाठ होत्या. पण गिरकीला पेशंट परक्याच्या हाती द्यायचा? आमच्या कामात असं कोणी करत नाही.

"सुनंदा, सोड मला," काकू हळूच म्हणाल्या. "पुढचा धरतो."

"आणि नाही धरलं तर?"

"इतकी वर्षं धरतायत की."

सोडलं. एका दाढीवाल्या आजोबांनी त्यांना अलगद फिरवलं आणि नेमक्या ठोक्याला माझ्याकडे परत दिलं. मग पुढच्यानं. काकूंचे डोळे मिटलेले. त्या मनात कुणाबरोबर फिरत होत्या, ते मला कळत होतं.

टोकाला थांबलो तेव्हा मला आई आठवली. तिला भेटून सहा वर्षं झाली. इथं राहायचे सरकारी पेपर होईपर्यंत भारतात जाता येत नाही. कराडला शेजारच्या शेवंतावहिनी तिला आंघोळ घालतात आणि मी रोज फोनवर विचारते, नीट धरलं ना?

"चल," काकू म्हणाल्या, "आता परत फिरायचं."

काकू पडल्या नाहीत. ताईंना मी रांग अडकल्याचंही सांगितलं. त्यांनी कॅलेंडरवर पुढच्या महिन्यातला नाचाचा शनिवार लिहिला. मग मी वहिनींना फोन केला. या वेळी विचारलं, तुम्ही जेवलात का?

पुढचा हात आलाय एवढं बघायचं आणि सोडायचं. अजून जमतं असं नाही.