चाबकाचा हूक

मिस्त्री गेल्याची बातमी आली, तेव्हा जुन्या मोटारींच्या मंडळाने मास्तरला निरोप धाडला, "पत्रकात चार ओळी तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं?"

मास्तर कागद घेऊन बसला. पहिल्याच ओळीत नाव लिहायचं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. तीस वर्षं ज्यांच्या गॅरेजात बसून चहा ढोसला, त्या माणसाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी बायकोला विचारलं. ती वाटाणे सोलत होती. सोलता सोलताच तिने नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, मुलगी कुठे दिलीय आणि तिला मुलं किती तेही सांगितलं.

"तुला कसं ठाऊक?"

"मी विचारलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगत होतात ना सगळा वेळ."

खरं होतं ते. मास्तरला मिस्त्रींबद्दल इतकंच ठाऊक होतं: डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं, इंजिनाला कान लावताना दोन्ही डोळे मिटायचे, आणि हात धुवायला लागले की कोपरापर्यंत धुवायचे. एवढ्या भांडवलावर चार ओळी होत नाहीत.

मास्तर हा काही मास्तर नव्हता. जन्मात त्याने कोणाला शिकवलं नाही. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. मूळ प्रत डाव्या हाताला, छापून आलेली उजव्या हाताला, आणि मध्ये याचं नाक. अक्षराला अक्षर, आकड्याला आकडा जुळवत त्याने उभा जन्म काढला. जाड चष्मा आणि खांद्याला शब्दकोशांनी फुगलेली पिशवी बघून मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी "या मास्तर" म्हटलं. चुका दुरुस्त करणं हा ज्याचा धंदा, त्याने ही एक चूक मात्र तशीच ठेवली. ऐकायला बरं वाटायचं.

गाडी त्याच्या सासऱ्यांची. सायीच्या रंगाची, चार दारांची, समोरून बघितली तर नुकतीच झोपेतून उठल्यासारखी. सासऱ्यांनी ती मुलीच्या नावावर केली होती, जावयाच्या नाही. माणूस पारखी असावा.

गाडी नीट ठेवायची म्हणजे मिस्त्रींकडे न्यायची. गॅरेज म्हणजे दोन गाड्या कशाबशा मावतील असं पत्र्याचं शेड. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते दारातून कळावं. कोपऱ्यात कुठल्याशा मोटारीची काढून ठेवलेली मागची सीट. ते मास्तरचं आसन. मिस्त्री गाडीखाली जात आणि मास्तर शब्दांत.

शब्दांचं वेड त्याला मंडळात शिरल्यावर लागलं. मंडळात बारा सभासद, त्यातल्या अकरांना गाडीतलं कळायचं. बाराव्याने मग शब्दांची वही केली. दर महिन्याच्या सभेत तो उभा राहून एक शब्द सांगायचा आणि घाम पुसत खाली बसायचा. सगळ्या जगात हीच एक जागा होती, जिथे तो बोलायला लागला की लोक गप्प बसत. सभेआधी रंगीत तालीम मिस्त्रींपुढे.

"मिस्त्री, डॅशबोर्डला डॅशबोर्ड का म्हणतात, सांगा."

गाडीखालून आवाज आला, "तुम्ही सांगणारच आहात."

"घोडागाडीच्या काळात हाकणाऱ्याच्या पुढ्यात एक फळी असायची. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून. घोडा गेला, चिखल गेला, फळी राहिली."

"घोडा गेला हे बरं झालं. मला लाथांची भीती वाटते."

"आणि शोफर? शोफर म्हणजे मुळात आग पेटवणारा! पूर्वी गाडी सुरू करायची तर आधी भट्टी तापवावी लागे."

"माझीही तापते कधी कधी. तो पाना द्या. नाही, तो नाही. तो पकड आहे."

डिकी म्हणजे पूर्वी गाडीच्या मागच्या बाजूला नोकराने बसायची जागा, कूपे म्हणजे कापून आखूड केलेली, हे सगळं मिस्त्रींनी असंच पाठीवर निजून ऐकलं. मास्तरला कधी बोनेट उघडून आत बघावंसं वाटलं नाही. बोनेट म्हणजे मुळात टोपी, एवढं ठाऊक होतं. कोणाची टोपी उचलून आत डोकावणं त्याला असभ्य वाटत असावं.

त्याच्या गाडीत डॅशबोर्डाखाली एक लहानसा पितळी हूक होता. त्यावर मास्तरचं खास प्रेम. त्याने मंडळात सांगितलं होतं, की घोडागाडीत चाबूक अडकवायला असा हूक असे, आणि मोटारीतही तो काही वर्षं टिकून राहिला, हा त्याचा दुर्मीळ नमुना. सभासद गॅरेजात रांगेने येऊन हूक बघून गेले. त्या दिवशी मिस्त्रींना जोराचा ठसका लागला होता. मास्तरनेच पाणी आणून दिलं.

मग गेल्या वर्षी मंडळाने प्रदर्शन ठरवलं. अध्यक्षांचं औषधांचं दुकान होतं आणि ते प्रदर्शनाबद्दलही पथ्य सांगावं तसं बोलायचे. "या वेळी बाहेरून परीक्षक येतोय. विजेरी घेऊन प्रत्येक गाडीचा नंबर तपासणार. प्रत्येकाने गाडीपुढे कार्ड लावायचं. खोटं आढळलं तर गाडी बाहेर."

त्या महिन्याचा मास्तरचा शब्द होता 'मॅचिंग नंबर्स'. कारखान्यातून निघताना चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, पट्टीवर इंजिनाचा जो नंबर कोरलेला असतो, तोच नंबर आजही इंजिनावर असेल, म्हणजे गाडीचं काळीज बदललेलं नसेल, तर ती मॅचिंग नंबर्सची. बोलण्याच्या भरात तो म्हणाला, "आता आमचीच गाडी घ्या. सासऱ्यांनी कारखान्यातून आणली ती तशीच आहे. शंभर टक्के मॅचिंग." टाळ्या पडल्या. टाळ्यांची त्याला सवय नव्हती. डोक्यात हवा गेली.

घरी येऊन त्याने कार्ड लिहिलं. काळी शाई, टपोरं अक्षर. 'मूळ रंग. मूळ चासी. मूळ इंजिन.' वाळल्यावर ते मिस्त्रींना दाखवायला गेला.

मिस्त्रींनी वाचलं. मग नळावर गेले आणि हात धुवायला लागले. बराच वेळ धुतले.

"अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले. "पण पेन्सिलनं लिहिलं असतंत तर बरं."

"कार्ड कधी पेन्सिलनं लिहितात का?"

"नसतील लिहीत." आणि ते गाडीखाली गेले. त्या दिवशी गाडीखालून पुन्हा आवाज आला नाही.

बायकोला त्याने हसत सांगितलं, "मिस्त्री म्हातारे झाले. म्हणे पेन्सिलनं लिहा."

ती हसली नाही. "मग लिहायचं ना," म्हणाली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी दार वाजलं. मिस्त्री उभे. तीस वर्षांत ते कधी फाटकाच्या आत आले नव्हते. किल्ली घ्यायचे आणि जायचे. आज धुतलेला सदरा होता. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी वर्तमानपत्र मागून घेतलं, खुर्चीवर अंथरलं आणि अगदी कडेला टेकले. बायकोने चहा आणला आणि गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली.

"वहिनी, सांगतो मी आता," मिस्त्री म्हणाले.

"सांगा बाई एकदाचं. बावीस वर्षं झाली."

मास्तरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मास्तर, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आठवतं? तीन आठवडे तुम्ही दवाखान्यात होता. त्या दिवसांत वहिनींनी गाडी चालवली, तर काळा धूर. माझ्याकडे आणली. इंजिन उघडलं. आत काही राहिलं नव्हतं. सिलिंडर घासून गुळगुळीत, ऑइलमध्ये निम्मं पेट्रोल. मला कळेना, हे झालं कसं. मग वहिनी सहज बोलून गेल्या, की ह्यांची पिशवी इथे अडकवलेली असते."

"कुठे?"

"चोकच्या मुठीला."

मास्तरला चोक ठाऊक होता. चोक म्हणजे गळा आवळणं. थंड इंजिनाची हवा घडीभर रोखून त्याला जास्त पेट्रोल पाजायचं. हे त्याने मंडळात साभिनय सांगितलं होतं, स्वतःच्याच गळ्याला हात लावून. सकाळी तो मूठ ओढायचा, गाडी सुरू व्हायची, आणि बाहेर आलेली ती गोल मूठ पिशवी अडकवायला इतकी मापात असायची, की तो अडकवायचा. कधी आठवणीने मूठ आत ढकललीच, तरी कोशांच्या वजनाने ती पुन्हा बाहेर. छापखान्यापर्यंत जाताना आणि येताना, कित्येक वर्षं, तो इंजिनाचा गळा आवळत गेला होता.

"इंजिन वाचणारं नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "तसल्याच एका मोडीत निघालेल्या गाडीचं चांगलं इंजिन मिळालं, ते बसवलं. कागदावर नोंद केली. गाडी वहिनींच्या नावावर, सही त्यांची."

बायकोने कपाटातून गाडीचं नोंदणीचं पुस्तक आणून पुढ्यात ठेवलं. तिसऱ्या पानावर निळ्या शाईत नोंद होती. ज्या माणसाने औषधांच्या बाटल्यांवरचा बारीक मजकूरही चुका काढत वाचला, त्याने घरातलं हे एक पुस्तक कधी उघडलं नव्हतं. दोन आकडे शेजारी ठेवून जुळतात का बघायचे, एवढंच काम होतं. तोच त्याचा धंदा होता.

"मला सांगितलं का नाही?"

उत्तर बायकोने दिलं. "त्याच साली तुमच्या हातून कॅलेंडर गेलं होतं ना."

गेलं होतं. जूनला एकतीस तारीख असलेलं कॅलेंडर. दहा हजार प्रती. मालकांनी सगळ्यांसमोर नुसतं भिंतीवरच्या त्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं होतं. त्यानंतर मास्तर महिनाभर जेवला नव्हता धड. ऑपरेशनच्या आधी बायकोला म्हणाला होता, की टेबलावरून उठलो नाही तरी चालेल.

"एका वर्षात दोन चुका तुम्हाला झेपल्या नसत्या," ती म्हणाली. "मीच म्हटलं मिस्त्रींना, आत्ता नको. मग ते आत्ता काही संपेना."

"आणि हूक?"

मिस्त्रींनी कपाकडे पाहिलं. "पिशवीसाठी मीच बसवला. पिशवी तिथे गेली, पण तुम्ही त्याचा चाबूक केलात. अकरा माणसं रांगेने बघत होती. मी काय बोलणार?"

उद्या सकाळी तो परीक्षक विजेरी घेऊन वाकणार होता. अकरा माणसं मागे उभी राहणार होती. मास्तरची ती एकच जागा होती जगात.

त्याने खाली बघून विचारलं, "आकड्यांचे ठसे असतात ना तुमच्याकडे?"

विचारलं आणि त्याचे कान तापले.

"आहेत," मिस्त्री म्हणाले. "जुना नंबर या इंजिनावर ठोकायचा, दहा मिनिटांचं काम. त्या वेळीच ठोकता आले असते, पण माझा हात उचलला नाही. आज तुम्ही सांगाल तर ठोकतो. तुमच्यासाठी ठोकतो. फक्त तुम्ही शेजारी उभं राहून आकडे वाचून दाखवा. मला चष्मा नाही."

मास्तरने ते चित्र डोळ्यांपुढे आणलं. मिस्त्रींच्या हातात हातोडी, आणि आपण एकेक खोटा आकडा मोठ्याने वाचतोय. जन्मभर खरे आकडे वाचले, हे शेवटचे. त्याने कार्ड जवळ ओढलं आणि पिशवीतून लाल पेन काढलं. छापखान्यात काढायचा तशीच 'मूळ इंजिन' वर एक आडवी रेघ मारली, आणि समासात लिहिलं: 'इंजिन बदललेले. कारण: मालकिणीच्या नवऱ्याची पिशवी. हूकही चाबकाचा नसून पिशवीचाच.'

बायकोने वाकून वाचलं. "मालकिणीच्या," ती म्हणाली. "हे बरं सुचलं."

रविवारी परीक्षकाने विजेरी लावायच्या आधी कार्ड वाचलं आणि विजेरी खिशात ठेवली. अध्यक्ष पोट धरून हसले. दिवसभर जो तो मास्तरला विचारत होता, "माझी पण पिशवी धरता का जरा?" एकाने तर खरंच भाज्यांची धरायला दिली आणि तो विसरून गेला. मास्तर ती संध्याकाळपर्यंत धरून बसला. बक्षीस दुसऱ्या कोणाला मिळालं, कोणाला ते आठवत नाही. पुढच्या सभेत तो शब्द सांगायला उभा राहिला तेव्हा हसू झालं, पण मग लोक गप्प बसले. तेवढं पुरलं.

प्रदर्शनातून घरी परतताना त्याने बरोबर आलेल्या मिस्त्रींना विचारलं होतं, की मॅचिंग नाही, अस्सल नाही, नव्याने सजवलेली नाही, अशा गाडीला तुमच्यात काय म्हणतात? मिस्त्री म्हणाले, "चालती."

वहीत तो शब्द आहे. व्युत्पत्तीची जागा कोरी आहे.

प्रदर्शनानंतर तीन महिन्यांनी मिस्त्री मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच गेले. ते जाणार आहेत हे बायकोला ठाऊक होतं. मास्तरने विचारलं नव्हतं. शेवटची भेट म्हणावी असं काही झालंच नाही. एक गुरुवार होता. प्लग साफ करून झाले होते, गाडी सुरू होती, मास्तर स्टिअरिंगमागे बसला होता. मिस्त्री फडक्याला हात पुसत आले आणि खिडकीशी वाकले.

"पिशवी?"

"हुकाला."

"मग जा."