खंडेनवमीची धग

"हात काढ! हात काढ म्हणतो ना तिच्यावरनं! हार सुटला तर बघ!"

काका इतक्या जोरात ओरडले की समोरच्या इमारतीतल्या कुकरनं अर्धी शिट्टी गिळली. दुर्बिणीच्या नळीवर ठेवलेला हात मी विस्तवाला लागल्यासारखा मागं घेतला.

"अहो काका, स्फोट झालाय!"

"होऊ दे."

"आपल्या आकाशात झालाय! अभिजित ताऱ्याच्या जरा खाली. एक ढग नाही!"

"आज खंडेनवमी आहे," काका म्हणाले आणि नळीवरचा झेंडूचा हार असा सरळ केला, जणू मी त्याची घडी मोडली होती.

काका म्हणजे माझे घरमालक. आकुर्डीत त्यांचं घर, घराच्या डोक्यावर माझी भाड्याची खोली, खोलीच्या डोक्यावर गच्ची आणि गच्चीच्या डोक्यावर काकांचा संसार. हयात टूलरूममध्ये गेली, म्हणजे कारखान्यात साचे आणि डाय घडवतात तिथं. निवृत्त झाल्यावर माणसं यात्रेला निघतात. काकांनी काच घासायला घेतली. दुर्बिणीचा आरसा त्यांनी हातानं घासला, तोही इतका, की एवढी भांडी घासली असती तर घरात नवी घ्यावी लागली असती, असं काकू म्हणतात. भंगारातल्या जुन्या लेथचे गिअर आणून त्यांनी तिला फिरतं केलं. ती नळी गच्चीवर चढवली त्या दिवशी आकुर्डी चार बोटं खाली गेली आणि रेल्वेला रूळ परत समपातळीत आणावे लागले, असं मी सगळ्यांना सांगतो. रेल्वेनं तसं काही केलं नाही. करायला हवं होतं.

आमचं आकाश म्हणजे एका अंगाला पिंपरीचे दिवे, दुसऱ्या अंगाला चाकणचे. इथले कावळे तिसऱ्या पाळीला जातात आणि पहाटे डोळे चोळत परत येतात. अशा आकाशात तारे बघणारा माणूस एक तर खुळा असतो किंवा टूलरूमवाला. काकांच्या काचेला जोडलेला कॅमेरा आणि त्यातली चित्रं एकावर एक रचून उजेड मोजायचं काम माझ्याकडे होतं. दिवसा मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंना नावं ठेवायला. संध्याकाळी ताऱ्यांना.

पण आम्हाला नुसते तारे नको होते. आम्ही धग शोधत होतो.

त्याचं असं. आपल्यापासून इतक्या लांब, की तिथला उजेड इथं पोचेपर्यंत डोंगर उभे राहून झिजूनही जातात, एखादा दांडगा तारा कोसळतो. सूर्यानं जन्मभर रविवारसुद्धा न घेता जेवढी ऊर्जा जाळावी तेवढी तो काही क्षणांत गॅमा किरणांच्या रूपात फेकून देतो. यात माझं तिखटमीठ काही नाही, हे शास्त्रज्ञांचं आहे. मी असतो तर थोडं कमीच सांगितलं असतं. ते किरण आपली हवा खाली येऊ देत नाही. वर फिरणारा उपग्रह ते पकडतो आणि जगभर निरोप धाडतो. आमच्यासारख्यांचं काम तिथून सुरू होतं. वेल्डिंगची ठिणगी विझली तरी टाका थोडा वेळ लालच राहतो ना, तशी त्या स्फोटामागं एक धग राहते, साध्या दुर्बिणीला दिसणारी. ती भराभर विझते. विझताना कधी किती उजेड होता, ते मोजत राहायचं. एकट्यादुकट्याला ते जमत नाही, कारण पृथ्वी काही आपल्यासाठी थांबत नाही. जपानला उजाडलं की पुढं आपण, आपल्यामागं युरोप. ज्याच्याकडे अंधार, त्याची शिफ्ट.

या सगळ्यांची मोट बांधायची एक ताई होती. लांबच्या एका संशोधन संस्थेत काम करायची. काकांना ती 'काका' म्हणायची आणि काका तिला, ती त्यांच्या निम्म्या वयाची असूनही, 'ताई' म्हणायचे, फार अदबीनं. आलेली मापं ती एका आलेखावर ठिपक्यांनी मांडायची. काकांचं त्या आलेखाकडे लक्ष असायचं. "आपला एक ठिपका," ते म्हणायचे, "एकच. मग ही नळी कुणा शाळेला देऊन टाकतो." वर्षानुवर्षं तो ठिपका काही लागला नाही. स्फोट व्हायचे ते आषाढात, नाही तर भर दुपारी, नाही तर क्षितिजाखाली. एकदा सगळं जुळून आलं, तर शेजारच्या मंगल कार्यालयात नवरदेवाच्या मित्रांनी आकाशात हिरवा लेझर सोडलेला. त्या रात्री आम्ही जे मोजलं ते बहुधा त्या लग्नाचंच होतं.

आणि आता सगळं जुळलं होतं. खंडेनवमीला.

खंडेनवमीला आमच्या भागात यंत्रं विश्रांती घेतात. एरवी बारा महिने न थांबणारी मशिन त्या दिवशी धुऊनपुसून उभी असतात, त्यांना कुंकू लावतात, हार घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात. कामगारांची बायका-मुलं कंपनीत येतात आणि बाबा ज्याच्यामुळं घरी उशिरा येतात ते मशिन बघून जातात. पूजा झाली की हत्यार झोपलं. उद्या उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. काकांनी सकाळी गच्चीवर नळीला झेंडू बांधला, आरशाच्या खोक्याला हळदकुंकू, पाने-पकडींना फूल. माझ्या लॅपटॉपलासुद्धा कुंकवाचं बोट लावलं, ते नेमकं कॅमेऱ्याच्या भिंगावर. दिवसभर त्याला सगळं जग लालसर दिसत होतं.

तिन्हीसांजेला ताईचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"काका, आलाय निरोप? खूप उजळ आहे हो हा. जपानात पाऊस आहे. हिमालयातल्या मोठ्या दुर्बिणींवर ढग आहेत. युरोपात अजून ऊन आहे."

"बरं," काका म्हणाले.

"म्हणजे काका, आत्ता तुम्हीच आहात. दुसरं कुणी नाही."

काकांनी वायव्येकडे बघितलं. अभिजित लखलखत होता. नवमीचा चंद्र दक्षिणेला, आमच्या वाटेत कुठं नव्हता. जन्मात एकदा आकाश एवढ्या सभ्यपणे वागत होतं.

"ताई, बघतो," म्हणून त्यांनी फोन ठेवायला लावला. मी लगेच नळीकडे धावलो आणि मग तो ओरडा झाला.

मी हार मानणाऱ्यांतला नाही. मी म्हणालो, "काका, दुर्बीण काय हत्यार आहे? नुसती काच आहे. चष्म्याची पूजा करून तुम्ही दिवसभर आंधळे बसता का?"

"माझ्या हातानं घडवलीय. म्हणजे हत्यारच."

"मग उत्तरपूजा आत्ताच उरकू."

"तुला येते?"

मला येत नव्हती. मी सरळ गुरुजींना फोन लावला. त्या दिवशी गुरुजी म्हणजे आमच्या पट्ट्यातला सगळ्यात व्यस्त अधिकारी. एका प्रेसवरच्या अक्षता खाली पडायच्या आत दुसऱ्या कंपनीच्या फाटकात त्यांची स्कूटर उभी, अशी ख्याती.

"बोला पटकन," गुरुजी म्हणाले. मागं कुणीतरी आरतीला टाळ्या वाजवत होतं. "मी निघोज्यात आहे, अजून दोन शेड राहिलीत."

मी सांगितलं. तारा फुटलाय, धग विझायला आलीय, दुर्बिणीवर हार आहे.

"अहो, मग हलवा की! अक्षता टाका, नमस्कार करा, पुनरागमनाय म्हणा आणि हलवा. देवाला सगळं कळतं."

फोन बंद. मी विजयी मुद्रेनं काकांकडे बघितलं. काकू जिन्यातून अक्षतांची वाटी घेऊन वर आल्याच होत्या. त्या एरवी दुर्बिणीला 'माझी सवत' म्हणायच्या, पण त्या संध्याकाळी सवतीची बाजू त्यांनीच घेतली.

"घ्या हो. गुरुजी हो म्हणालेत. किती वर्षं वाट बघताय."

काकांनी वाटी घेतली. ती हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, जमलं. मी लॅपटॉपवरचं कुंकू सदऱ्यानं पुसायला लागलो.

"गुरुजींचं नाही रे काही," काका म्हणाले. मघाचा आवाज कुठं गेला होता कळेना. "गुरुजी त्या दिवशीपण हो म्हणाले होते."

"कुठल्या दिवशी?" काकूंनी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. जुन्या कंपनीतली गोष्ट, जी कंपनी आता नाही. खंडेनवमीची पूजा झालेली, पेढे वाटून झालेले, आणि दुपारी वरून निरोप आला की गाडी उभी आहे, एकच लॉट काढून द्या. सगळे कुरकुरले. गुरुजींना विचारलं, गुरुजींनी अक्षता टाकल्या. प्रेसवरचा, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशिनवरचा, हार काढायला कुणी पुढं होईना, तेव्हा काकांनी काढला. डायही त्यांनीच बसवली. प्रेसवर बीडकडचा एक जण बसला, काकांचा डब्यातला भिडू. रोज दोघं एकमेकांची भाजी खायचे. तो जॉब, म्हणजे दाबून झालेला तुकडा, उचलायला गेला आणि हात आत असतानाच प्रेस पुन्हा खाली आली.

"सुट्टीचा दिवस म्हणून सेफ्टी बघणारं कुणी हजर नव्हतं," काका म्हणाले. "देवाचा कोप वगैरे काही नाही, मला कळतं ते. पण हार मी काढला होता."

काकूंचा हात पदराकडे गेला आणि तिथंच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांच्याही कानावर आली नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जगात कुठल्याही प्रसंगाला माझ्याकडे एक तरी फेकायला थाप असते. त्या क्षणी मी नुसतं लॅपटॉपचं झाकण लावलं.

आम्ही तिघं गच्चीवर बसून राहिलो. वाटी काकांच्या मांडीवर. तारा आपल्या गतीनं खाली सरकत होता. मधेच काका उठले, नळीपाशी गेले, हाराला बोट लावलं. त्यांनी एक सुकलेली पाकळी काढली आणि परत येऊन बसले. थोड्या वेळानं आकाशाचा तो तुकडा शेजारच्या पाण्याच्या टाकीमागं गेला. ताईचे दोन फोन वाजून गेले. उचलले नाहीत.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली. संध्याकाळी काकांनी अंधार पडायचीसुद्धा वाट बघितली नाही, आकाशात अजून गुलाबी होतं तेव्हाच नळी वायव्येला वळवली. मी चित्रांवर चित्रं रचली. आजूबाजूचे तारे ताठ उभे राहिले, आमच्या आकाशात कधी दिसले नव्हते असे बारीक बारीकसुद्धा. जिथं धग असायला हवी होती तिथं काळं. "अजून रच," काका म्हणायचे. मी रचत गेलो. काळं अजून काळं झालं. टाकीमागं जाईपर्यंत काका कॅमेरा बंद करू देईनात. मग मी ताईला कळवलं, की आमच्या दुर्बिणीला दिसलं नाही, म्हणजे धग एवढ्याहून मंद आहे. अशा न दिसण्यालाही शास्त्रात किंमत असते म्हणे. काकांनी ती किंमत ऐकून घेतली.

पुढं त्या स्फोटावर एक निबंध छापून आला. ताईनं पाठवला. मी आलेख मोठ्या कागदावर छापून घेतला आणि गच्चीवर नेला. काका गिअरला ग्रीस लावत होते. आलेखात सुरुवातीला उपग्रहाचे ठिपके, बरेच पुढं युरोपचे, त्यांच्याही पलीकडे खाली तोंड केलेला एक बारीक बाण, आमच्या न दिसण्याचा. सुरुवात आणि युरोप यांच्यामध्ये मोकळी जागा. त्या जागेतून दोन तुटक रेघा काढल्या होत्या. एक सरळ उतरणारी. दुसरी मधे उंच होऊन मग उतरणारी. खाली लिहिलं होतं, की या काळात उजेड पुन्हा वाढला असावा असं काहींचं मत आहे, पण मापं नसल्यानं सांगता येत नाही.

काकांनी हात पुसला आणि बोट त्या मोकळ्या जागेवर ठेवलं.

"इथं आपण होतो," ते म्हणाले.

मी बरंच काही म्हणालो. मला गप्प बसता येत नाही. म्हणालो, पुढच्या स्फोटाला आपण युरोपवाल्यांचं नाक कापू, जपानवाले आपल्या गच्चीवर शिकायला येतील, काकू त्यांना पिठलं करून घालतील. काका ग्रीस लावत राहिले. मग माझंही सरलं. जे खरं विचारायचं होतं तेवढंच उरलं.

"काका, परत अशीच वेळ आली तर?"

"पूजा झालेली असली, तर नाही."