उरलेलं ईथर

दवाखान्याच्या दारातून आधी त्याचं डोकं आत यायचं, मग आवाज. पाय बाहेरच. "कंपौंडर, आज कुणाला झोपवलं का वो?"

बाकावरचे रोगी दचकायचे. एका म्हातारीनं तर पोटदुखी तशीच ठेवून घर गाठलं होतं. मी डोळे वटारले की तो शहाण्यासारखा मान मागं घ्यायचा. पण गेलेला नसायचा. संध्याकाळी बाकं रिकामी झाली की पुन्हा हजर.

आष्ट्याच्या त्या दवाखान्यात मी औषधं द्यायचो आणि ऑपरेशनच्या वेळी रोग्याच्या नाकावर ईथरचे थेंब सोडायचो. बाटली एकदा फोडली की उरलेलं ईथर दुसऱ्या दिवशी माणसाला द्यायचं नाही, हा डॉक्टरांचा दंडक. ते ओतून देण्यापेक्षा ह्याला द्या, असं त्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे गावात कुणाचं पोट फाडलं की ह्याच्या इंजिनाला आशा. एरवी माणूस असा, की मुंगीवर पाय द्यायचा नाही.

इंजिन केवढं म्हणाल, तर माझ्या अंगठ्याएवढं, खेळण्यातल्या मोटारीचं. लढाईत तो पलटणीच्या मोटारी दुरुस्त करत इटलीपर्यंत गेला होता. तिथल्या एका चौकात त्यानं हातभर लांबीच्या मोटारी पाहिल्या, तारेनं खांबाला बांधलेल्या आणि त्या खांबाभोवती सुसाट फिरणाऱ्या. असल्या इंजिनांना पूर्वी ठिणगी लागायची, म्हणजे बॅटरी आली, तिचं ओझं आलं. ह्या नव्यांना ठिणगीच नको. ईथर, रॉकेल आणि एरंडेल एकत्र करायचं. दट्ट्यानं, म्हणजे पिस्टननं, दाबलं की ते आपसूक पेट घेतं. "राकेल आपल्याकडं हाय, एरंडेल आपल्याकडं हाय. घोडं अडलंय त्ये तुमच्या बाटलीत," तो मला सांगायचा. आता पोरांच्या अशा गाड्यांना नायट्रोचं इंधन डब्यात तयार मिळतं म्हणे. आमच्या वेळी कुणाचं तरी अपेंडिक्स लागायचं.

इंजिन त्यानं आणलं नव्हतं, स्वतः केलं होतं. ज्या वर्कशॉपात तो शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा, तिथल्याच लेथवर. चार दट्टे वाया गेले. पाचवा नळीत नेमका बसला, पण इंजिन दोनदा फुरफुरायचं आणि गप्प व्हायचं. वर्कशॉपातले विचारायचे, "मोट वडंल का रं ह्ये?" बायको इंजिनाला चिलट म्हणायची. "उडालं का तुमचं चिलट?" तोही हसायचा. पण एकदा मला म्हणाला, "कंपौंडर, आजवर दुसऱ्यानं केलेलंच जोडत आलो बगा. एक तरी आपल्या हातचं चालावं. एक फेरा मारला तरी बास."

त्याच वर्षी माघात त्याच्या बायकोच्या पोटात कळ उठली. अपेंडिक्स. डॉक्टर म्हणाले, आत्ताच कापायला हवं. कपाटात ईथरची एकच कोरी बाटली होती. त्यानं ती पाहिली आणि पळाला. धापा टाकत परत आला तो तीन महिन्यांचं साठवलेलं ईथर घेऊन.

"कमी पडलं तर ह्ये घ्या डाक्टर. समदं घ्या."

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "अरे, ते माणसाला चालत नाही. म्हणून तर तुला देतो."

तो हातातल्या बाटलीकडं बघत राहिला. मग बाहेर जाऊन त्यानं ती लिंबाखाली उपडी केली. मी खिडकीतून पाहिलं. एवढं जपलेलं मातीत घातलं म्हणून मला त्याचा राग आला, आणि लगेच रागाची लाज वाटली.

एका बाटलीत भागलं. ती वाचली, थोडं ईथर उरलंही. मी ते गडद बाटलीत बूच लावून ठेवलं, पण तो दारात फिरकेना. रस्त्यात गाठला तर म्हणाला, "तिच्या नाकाला लावल्यालं हाय त्ये. त्येच्यावर आता खेळ न्हाई करायचा."

टाके काढायला ती भिंत धरत आली. डॉक्टर आत गेल्यावर हळूच म्हणाली, "भाऊ, माझ्या वाटचं उरलंय न्हवं? द्या हिकडं."

त्यांच्या खळ्यावर मळणी नुकतीच उरकली होती. शेणानं सारवलेली गुळगुळीत जमीन आणि मधोमध तिवडा, म्हणजे मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो खांब. इटलीतल्या चौकात याहून वेगळं काय असणार? खळ्यात पायताण चालत नाही म्हणून त्याच्या चुलत्यानं वर्कशॉपातल्यांसकट आम्हा सगळ्यांना ती काढायला लावली. मग गाडीच्या रबरी चाकांकडं बघून चुलताच जरा घुटमळला आणि म्हणाला, "असू दे."

गाडी तारेला बांधून तयार होती, पण हा इंजिनाला हात लावेना. गोधडीवर बसवलेली बायको म्हणाली, "मला झोपवलं, मी उठले न्हवं? आता ह्येला उठवा."

त्यानं इंधन भरलं. सुतळी ओढली, नुसतीच फुरफुर. वरचा दाब कमीजास्त करायचा स्क्रू केसभर फिरवून पुन्हा ओढली, आणि चिलट किंचाळलं. गोठ्यातल्या बैलांनी दावी ताणली. गाडी तिवड्याभोवती एक फेरा फिरली, दुसरा फिरली, नवव्यानंतर मी मोजणं सोडून दिलं.

पुढच्या वर्षी सांगलीत काम मिळून ती दोघं गेली. पुन्हा भेट झाली नाही. मला तो आठवतो तो त्या दुपारचा. ईथर संपलं, गाडी थांबली, आणि आम्ही सगळे अनवाणी गाडीकडं धावलो. तो धावला नाही. गोधडीपाशी जाऊन बसला, एरंडेलानं माखलेले हात तिला लागू नयेत म्हणून लांब धरून, आणि रडला. तिनं पदरानं त्याचं एकेक बोट पुसलं. आम्ही मग बराच वेळ त्या थांबलेल्या गाडीकडंच बघत उभे राहिलो.